बाई परीक्षेला बसल्या

घरात भांडण व्हायचं असलं की बाई सगळ्यांना जेवायला बोलावत. भरल्या तोंडानं माणूस कमी ओरडतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे रविवारी दुपारी मोठ्या टेबलावर सगळ्यांची ताटं मांडलेली दिसली तेव्हाच थोरल्यानं ओळखलं, की आईनं मनाशी काहीतरी ठरवलंय.

विषय कोणता, हे विचारायची गरज नव्हती. गुरुवारी परवाना कार्यालयाची नोटीस आली होती. बाईंना पार्किन्सन आहे, त्यांचं गाडी चालवणं आता सुरक्षित राहिलेलं नाही, अशी कोणीतरी तक्रार केली होती. तेव्हा त्यांनी रस्त्यावरची परीक्षा पुन्हा द्यावी, नाहीतर परवाना रद्द होईल.

परीक्षा! बाईंची! बाईमाणूस स्टिअरिंगला बसलेलं दिसलं की पोरं सायकली थांबवून बघायची, त्या काळात बाईंनी गाडी शिकवायची शाळा काढली. पुढं निम्मं गाव त्यांच्याच हाताखाली क्लच सोडायला शिकलं. बाईंचे यजमान नाना म्हणायचे, "या गावात माणूस जन्मून दवाखान्यातून घरी येतो तो हिच्या विद्यार्थ्याच्या गाडीतून, आणि शेवटचा जातो तोही हिच्याच विद्यार्थ्याच्या गाडीतून." बाईंना शिकवता आलं नाही असा एकच माणूस, तो म्हणजे स्वतः नाना. तीनदा प्रयत्न झाला. तिसऱ्या वेळी त्यांनी कुंपण मोडून गाडी शेजाऱ्यांच्या कोबीत घातली आणि मग आपल्या चष्म्याच्या दुकानात परत गेले ते कायमचेच.

आता शाळा थोरला चालवत होता. फाटकावरच्या पाटीवर अजूनही 'बाईंची शाळा' असंच होतं, आणि म्हणूनच त्याला नोटीस अंगावर घाण उडाल्यासारखी वाटत होती.

"हे काम जावईबापूंचं," तो म्हणाला. बाई अजून आतल्या खोलीत होत्या. दुपारची गोळी घेतल्यावर ती लागू होईपर्यंत त्या पडून राहत. "दुसऱ्या कोणाची हिंमत नाही."

धाकटी कोटाची बटणं काढत होती, ती तशीच थांबली. "दादा, जेवायला बोलावून शिव्या घालायच्या असतील तर आम्ही दारातूनच जातो."

"मी शिवी दिली का? मी म्हटलं, हिंमत आहे."

जावई गॅरेज चालवायचा. कितीही घासले तरी त्याच्या नखांच्या कडा काळ्याच राहायच्या, म्हणून सासरी आला की तो हात टेबलाखाली ठेवायचा. आजही हात खालीच होते. तो म्हणाला, "दादा, मी नाही केली तक्रार."

"मग कोणी? तुमची पोर दर आठवड्याला आईच्या गाडीतून पोहायला जाते. तुम्हालाच काळजी."

"काळजी आहेच," धाकटी म्हणाली. "काळजी असणं गुन्हा झाला का आता? गेल्या वेळी पोर घरी येऊन म्हणाली, आज आजी सिग्नल हिरवा झाल्यावरही थांबून राहिली, मागचे सगळे भोंगे वाजवत होते. मी विचारलं, मग आजी काय म्हणाली? तर म्हणे आजी म्हणाली, वाजवू देत, आपण गाणं ऐकू."

जावयाला हसू आलं. थोरल्यालाही येणार होतं, पण त्यानं ते दाबलं. "बघा. आईचं डोकं कसं ठिकाणावर आहे बघा. तिचा हात कापतो हे मलाही दिसतं. पण चाकाला लागला की कापायचा थांबतो. मी रोज बघतो. हात कापतो म्हणून परवाना काढून घेणार?"

"हाताचं कोण बोलतंय?" धाकटी म्हणाली.

थोरल्याच्या बायकोनं, म्हणजे सुनेनं, एवढा वेळ एक शब्द काढला नव्हता. ती ग्लास मांडत होती. शेवटचा ग्लास ठेवून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

*

स्वयंपाकघरात सूप उकळत होतं. सुनेनं गॅस बारीक केला, मग पुन्हा मोठा केला, मग पुन्हा बारीक केला.

"त्या सुपानं तुझं काय वाईट केलंय?" मागून नाना म्हणाले.

ती वळली नाही. "मीठ बघते."

"मीठ डोळ्यांनी बघतात का?" नानांनी स्टूल ओढून घेतलं. "सूनबाई, मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरलंय. गुरुवारपासून तू माझ्याकडे बघितलेलं नाहीस. पाणी देतेस तेही माझ्या बंडीच्या खिशाला देतेस."

ती हसायला गेली, पण ते हसू तोंडापर्यंत पोचलं नाही.

या घरात ती आली तेव्हा सायकलसुद्धा चालवायला घाबरायची. माहेरी सगळे तिला 'घाबरट' म्हणायचे. बाईंनी तिला घेऊन रोज सकाळी मोकळं मैदान गाठलं. ती रडली, तर बाई खिडकीबाहेर बघत बसल्या, रडून झालं तेव्हा म्हणाल्या, "आता पहिला गिअर." वर्षभरात ती गाडी शिकली, आणखी दोन वर्षांनी शिकवायलाही लागली. आईपेक्षा जास्त जीव तिनं सासूला लावला होता, आणि हे माहेरी कळलं होतं म्हणून तिथं थोडी नाराजीही होती.

"गेल्या महिन्यात," ती म्हणाली, "आम्ही दोघी शाळेतून परत येत होतो. औषधाच्या दुकानाचा सिग्नल. आईच चालवत होत्या. सिग्नल लाल झाला. आईंना दिसला. नाना, त्या स्वतः मोठ्यानं म्हणाल्या, लाल. आणि पाय आलाच नाही. उजवा पाय तिथंच. दुसऱ्या कोणाचा तरी पाय असावा तसा. आमची साधी गाडी, माझ्या बाजूला ब्रेक नाही. आम्ही लाल सिग्नलमधून सरळ पार गेलो."

नानांनी हात लांब करून गॅस बंद केला.

"एक माणूस खांद्यावर मूल घेऊन फुटपाथवरून उतरत होता. तो मागं सरला. मागं सरला म्हणून... पुढं जाऊन आईंनी गाडी कडेला घेतली. म्हणाल्या, कोणाला लागलं नाही ना? मी म्हटलं, नाही. दोघी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, डॉक्टरांना पायाचं सांगू या. म्हणाल्या, बघू. पुन्हा म्हटलं. म्हणाल्या, बघू. मग यांना सांगितलं. तर हे म्हणाले, आईच्या पायावर शंका घेतेस? आपण सगळे त्याच पायावर उभे आहोत."

"वाक्य चांगलं आहे," नाना म्हणाले. "त्याला लहानपणापासून वाक्यं चांगली सुचतात."

"मग मी कार्यालयात गेले. खाली माझं नाव घालून सही केली. निनावी केली असती तर आईंच्या तोंडाकडे बघता आलं नसतं." ती पहिल्यांदाच वळली. "सहीनंतरही बघता येत नाही, ते वेगळं."

नानांनी चष्मा काढला, बंडीला पुसला, पुन्हा घातला. "मी रोज तिच्या शेजारच्या सीटवर बसतो," ते म्हणाले. "तू पाहिलंस ते मी दोनदा पाहिलंय. मला सांगायचा धीर झाला नाही. तू केलंस ते माझं काम होतं." ते उठले. "चल. सूप मी नेतो. तुझे हात तिच्यापेक्षा जास्त कापतायत."

*

मग बाई टेबलाशी आल्या. त्या बारीक पावलं टाकत आल्या, दाराच्या उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारखा क्षणभर अडकला, मग सुटला. आजारानं त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसून नेलं होतं. पूर्वी वर्गात नुसती भुवई वर केली तरी विद्यार्थी घामाघूम व्हायचा. आता त्या रागावल्यात की खूश आहेत, हे एका नानांशिवाय कोणालाच कळत नसे. धाकटीला त्या चेहऱ्याची अजून सवय झाली नव्हती. आपण आईला नाही, आईच्या फोटोला बघतोय असं तिला वाटायचं.

जेवण सुरू झालं. पण आज भरल्या तोंडानंही ओरडता येतं हे थोरल्यानं सिद्ध केलं.

"मी परीक्षकाला फोन केलाय," तो म्हणाला. "बेडूक आहे. आपलाच."

बेडूक म्हणजे बाईंचा जुना विद्यार्थी. क्लच सोडला की त्याची गाडी टुणकन उडी मारायची म्हणून बाईंनी हे नाव ठेवलं होतं. आता तो परवाना कार्यालयातला सगळ्यांत मोठा परीक्षक होता, पण गावात बेडूकच राहिला होता.

"तो म्हणाला, काळजी करू नका. तळ्याकडचा मोकळा रस्ता घेऊ, पाच मिनिटांत संपवू. आई, तू गोळी घेतल्यावर तासाभरानं जायचं, तेव्हा तुझी तब्येत फर्स्टक्लास असते. आणि जावईबापू, तुम्ही निदान आता तरी मोकळेपणानं सांगा—"

"दादा, बास," धाकटी म्हणाली.

"नाही, सांगू दे ना. समोर बसलेत. सासूची तक्रार करताना—"

जावयानं टेबलाखालचे हात वर घेतले आणि ताटाच्या दोन्ही बाजूंना ठेवले. "दादा, मी गप्प बसणार होतो," तो म्हणाला. "या वर्षात तुम्ही आईंची गाडी दोनदा माझ्याकडे आणलीत. एकदा पुढचा बंपर, एकदा दार. म्हणालात, रंग असा लावा की आईलाही कळू नये, आणि घरी बोलू नका. मी बोललो नाही. हिलासुद्धा नाही. मला तक्रार करायची असती तर माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं."

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे. "दोनदा? माझी पोर त्या गाडीत बसते आणि तू रंग लावून घेतोस?"

"खांबाला घासली होती! कोणाच्याही हातून घासते!"

"तुला माहीत होतं!"

"मला माहीत होतं म्हणजे काय? मी बघत होतो. मी लक्ष ठेवून होतो." थोरल्याचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "तिच्याकडून गाडी काढून घेतली तर तिच्याकडं उरतं काय, हे तुमच्यापैकी कोणी बघितलंय? ज्यानं कोणी हे केलं त्यानं आईचे पाय तोडले, आणि वर नाव सांगायची लाज—"

"मी केलं," सून म्हणाली.

तिनं चमचा खाली ठेवला.

"तक्रार मी केली. लाज नाही वाटली, भीती वाटली. तुला सांगितलं होतं मी सिग्नलचं. तू ऐकलं नाहीस. मग जिथं ऐकतील तिथं जाऊन सांगितलं."

थोरला उठून उभा राहिला. खुर्ची मागं पडली. तो बायकोकडे अशा नजरेनं बघत होता, जणू कोणी परकी बाई चुकून या घरात शिरलीय. "तू? तुला तिनं—"

"दादा, खाली बसा," जावई म्हणाला. एवढं ऐकून घेतलेल्या माणसाच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच थोरला थबकला. "वहिनींनी केलं ते माझ्याकडून झालं नाही. माझ्या स्वतःच्या पोरीचा प्रश्न होता, तरी झालं नाही. मी रंग लावत बसलो. त्यांना बोलायचा अधिकार आपल्या दोघांनाही नाही."

धाकटी उठली, वहिनीच्या खुर्चीमागे गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच उभी राहिली.

मग बाई बोलल्या. आजारानं त्यांचा आवाजही नेला होता. तो आता इतका बारीक झाला होता, की तो ऐकायला सगळ्यांनाच श्वास धरावा लागे.

"खुर्ची उचल," त्या म्हणाल्या.

थोरल्यानं खुर्ची उचलली. बसला.

"मला गुरुवारीच कळलं. त्या दिवशी गाडीत तीच होती. दुसरं कोण सांगणार?" त्या थांबल्या, श्वास घेतला. "चोर पकडायला नाही बोलावलं मी तुम्हाला. सूनबाई, इकडं बघ."

सुनेनं बघितलं. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मी शिकवलेली माणसं पुष्कळ. शिकवलेलं माझ्यावर वापरणारी तू एकटीच निघालीस. जेव."

"आई—"

"सूप गार होतंय. जेव." मग त्या थोरल्याकडे वळल्या. "आणि तू. मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? नवा रंग उन्हात ओळखू येतो. मी गप्प बसले, कारण मलाही ते सोयीचं होतं. पाय माझा, तो अडतो हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. पण स्वतःचा परीक्षक स्वतः होता येत नाही कोणाला. 'बघू' म्हणत राहिले."

"म्हणजे सोडणार तू गाडी?" धाकटीनं विचारलं.

"सोडणार कशाला? परीक्षा देणार." बाई म्हणाल्या. "तळ्याच्या रस्त्यानं नाही. बाजारातून. आणि गोळी घेतल्यावर नाही. आधीची उतरत आलेली असेल आणि पुढची घ्यायची असेल, तेव्हा."

"अगं, पण तेव्हा तुझी अवस्था—" थोरला कळवळून म्हणाला. "गोळीनंतर गेलीस तर आरामात पास होशील!"

"आणि गोळी उतरल्यावर गाडी कोण चालवणार? बेडूक?"

जावयाला ठसका लागला. नाना बायकोच्या त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, "हसतेय ती. तुम्हाला दिसत नाही, पण हसतेय."

*

परीक्षेच्या दिवशी बाईंनी करड्या रंगाचा कोट घातला, केस घट्ट बांधले आणि शाळेची गाडी मागितली, दोन्हीकडे ब्रेक असलेली. सून गाडी घेऊन आली. कार्यालयाच्या आवारात बेडूक वाट बघत होता. टक्कल पडलेला, पोट सुटलेला मोठा अधिकारी. पण बाईंना बघताच त्यानं दोन्ही हात शाळकरी पोरासारखे मागं बांधले.

"बाई, तळ्याकडं जाऊ."

"तुझ्या हातातल्या नकाशावर बाजार आहे ना? मग बाजार."

त्या चाकामागे बसल्या. हात मांडीवर होता तोवर थरथरत होता. चाकाला लावला तसा शांत झाला. हे त्यांना नेहमीच गमतीचं वाटे. लोक हाताकडे बघतात. हात तर शहाणा आहे.

गाडी निघाली तशी त्यांची पाठ सरळ झाली. पहिला चौक सुंदर झाला. वळणाआधी त्यांनी दुधाची गाडी उभी आहे हे बघितलं, तिच्यामागून कोणी येईल हे धरून चालल्या आणि खरंच एक म्हातारा आला. तोवर गाडी कधीच हळू झाली होती. बेडकाच्या पेनानं खूण केली. शाळेपाशी, पुलापाशी, उतारावर, सगळीकडे खूण. रस्ता त्यांना पूर्वीइतकाच स्पष्ट वाचता येत होता. कोणाच्या चालण्यात घाई आहे, कोणता ड्रायव्हर फोनवर बोलतोय, कोणतं कुत्रं वळणार आणि कोणतं नाही. क्षणभर त्यांना वाटलं, जमतंय की.

बाजारात दोन मालवाहू गाड्या कडेला उभ्या होत्या. मधल्या फटीत, जमिनीलगत, त्यांना सायकलचं पुढचं चाक दिसलं.

"सायकल," त्या म्हणाल्या.

आणि पायाला हुकूम दिला. हुकूम गेला. पाय ऐकत होता, पण चिखलात रुतलेल्या माणसानं ऐकावं तसा. तो निघाला, हे त्यांना जाणवलं. तो वाटेत होता. सायकलवाली मुलगी फटीतून बाहेर आली, मान वळवून मागं कोणाशी तरी बोलत. पाय वाटेतच होता.

गाडी थांबली. गचकन, पुढं झुकून. मुलगी त्यांच्याकडे न बघताच पुढून निघून गेली.

बाईंनी खाली बघितलं. त्यांचा पाय नुकताच ब्रेकवर टेकत होता. ब्रेक आधीच दाबलेला होता.

त्यांनी सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग म्हणाल्या, "तुझा पाय माझ्या आधी पडला."

"बाई, तुम्हाला सायकल माझ्या आधी दिसली," बेडूक घाईघाईनं म्हणाला. "मी ऐकलं ना. तुम्ही म्हणालात तेव्हा मला चाकसुद्धा दिसलं नव्हतं. एवढी नजर मी इतक्या वर्षांत कोणाची बघितली नाही."

"दिसली तुझ्या आधी. थांबवली कोणी?"

बेडकानं पेनाचं टोपण लावलं.

"लिही."

"मला नाही लिहवत."

"ती मुलगी घरी चाललीय," बाई म्हणाल्या. "जेवायच्या वेळेला पोचेल. तिला आज काय झालं हे कधीच कळणार नाही. आपलं काम एवढंच असतं, बेडका. लिही."

त्यानं लिहिलं. बाईंनी ते बघितलं आणि कौतुकानं, पण कोणाला दिसणार नाही असं, त्या हसल्या.

"आता जागा बदल. मला परत ने."

त्यानं धावत येऊन दार उघडलं. बाई उतरल्या आणि पाय रस्त्याला चिकटले. तो धरायला गेला, तर त्यांनी मान हलवली. समोर गाडीच्या कडेनं रस्त्याची पांढरी पट्टी जात होती. त्या पट्टीकडे बघत राहिल्या आणि मग ती ओलांडायला पाय उचलला. घरातल्या गुळगुळीत फरशीवर जो पाय अडतो, तो रस्त्यावरच्या पट्ट्या मात्र ओलांडतो. डॉक्टरांनी याला काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं. बाई म्हणायच्या, रस्ता माझ्याशी इमान राखून आहे.

बेडकानं चावी फिरवली, क्लच सोडला. गाडीनं टुणकन उडी मारली.

"अजून तसाच," बाई म्हणाल्या.

*

आवारातल्या बाकावर थोरला आणि त्याची बायको एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसले होते. रविवारपासून हे अंतर घरात, शाळेत, झोपताना, सगळीकडे होतं. मध्ये नाना बसले होते आणि दोघांशी आळीपाळीनं हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

गाडी फाटकातून आत आली. थोरल्याला दुरूनच दिसलं, की चाकामागे बेडूक आहे. त्याला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "नापास," त्या म्हणाल्या.

"आपण पुन्हा अर्ज करू," तो म्हणाला. "दुसरा परीक्षक मागू. दुसरी वेळ घेऊ. आई, कोणीही एकदा नापास—"

"मी नापास केलेली माणसं वाचली, म्हणून तर आपली शाळा चालली," बाई म्हणाल्या. "आज माझ्या गाडीखाली येता येता एक पोरगी वाचली. आज मी नापास झाले नसते, तर शाळेची पाटी काढावी लागली असती."

थोरल्यानं मान खाली घातली. त्याच्या खांद्यांची हालचाल बघून नाना उठले आणि मुद्दाम दूर जाऊन कार्यालयाच्या भिंतीवरची सूचना वाचू लागले. बाईंचा थरथरणारा हात त्याच्या डोक्यावर आला. इतका थरथरत होता, की केस विस्कटले.

"विद्यार्थ्यांना रस्ता वाचायला कोण शिकवणार?" बाई म्हणाल्या. "गाडी तुम्ही दोघं शिकवा. रस्ता मी शिकवीन. खिडकीतला चौक आहे की आपल्या. खुर्ची लावायची आणि बघायचं. कोण वळणार, कोण थांबणार, कोण चुकणार. पाय लागतच नाही त्याला."

थोरल्यानं तोंड पुसलं. बेडकाकडून चावी घेतली, मग बायकोकडे बघितलं. रविवारनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. ती कृश झाल्यासारखी वाटली. एवढे दिवस ती या घरात किती एकटी राहत होती, हे त्याला तेव्हा कळलं.

"तू चालव," तो म्हणाला. "मला नीट दिसत नाही."

तिनं चावी घेतली. चावीबरोबर त्याची बोटंही तिच्या मुठीत आली आणि थोडा वेळ तिथंच राहिली.

थोरला पुढं बसला. मागच्या सीटवर बाई आणि नाना. गाडी रस्त्याला लागली. बाईंच्या मांडीवर त्यांचे दोन्ही हात कापत पडले होते, धरायला काही नसल्यासारखे. नानांनी त्यांतला एक उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"लग्न झाल्यापासून गाडीत तुझा हात धरायचा राहिला होता," ते म्हणाले. "कायम चाकाला असायचा. चाकाचा हेवा वाटायचा मला."

बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पण नानांनी तो चेहरा जवळून, जन्मभर डोळे तपासलेल्या माणसाच्या सवयीनं न्याहाळला, आणि जे दिसलं त्यानं त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. हात त्यांच्या हातात हळूहळू थरथरायचा थांबत होता.

पुढं सुनेला ते आरशात दिसलं. तिची नजर तिथंच खिळून राहिली.

"सूनबाई," मागून बारीक आवाज आला, "आम्हाला काय बघतेस? पुढं बघ. बस थांबतेय."

आणि खरंच, पुढची बस थांबत होती. सुनेचा पाय वेळेवर ब्रेकवर आला.